तेरड्याला पाणी किती घालावे?

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. तेरड्याचे फूल फार दिवस टिकत नाही, म्हणून ती म्हण पडली. पण तेरड्याचे रोप काही तीन दिवसांचे नसते. मृगाच्या पावसात बी रुजते आणि दिवाळीच्या सुमारास झाड वाळते. मधले चार महिने ते आपल्याजवळ राहते. ते नीट जगणे न जगणे पुष्कळसे पाण्यावर असते. म्हणून तेरड्याला पाणी किती, केव्हा आणि कसे घालावे ते मी या लेखात सांगणार आहे.

तेरडा सर्वांनी पाहिला आहेच. रोप गुडघ्याएवढे, कधी कधी कमरेएवढे होते. पाने लांबट असतात व त्यांच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. फुले पांढरी, गुलाबी, लाल, जांभळी अशी असतात. फुलाच्या पाठीमागे बारीक वाकडी शेपटी असते. खोड जाड, मऊ आणि पाणीदार असते. उन्हापुढे धरले तर आतले थोडे थोडे दिसते. मोडले तर कट्‌कन मोडते आणि हाताला पाणी लागते. आमची आजी म्हणते, "तेरडा म्हंजी पाण्याचीच पिशवी." ते खरेच आहे.

पिशवीत पाणी असते, मग तेरड्याला लवकर तहान का लागते? याचे कारण पाने. पानांना डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. हे मोठे नाव गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले. आम्ही तेरड्याच्या एका फांदीला स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. दुपारी पाहिले तर पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमले होते. पाणी मुळातून वर चढते आणि पानांतून निघून जाते. ते कसे चढते हेही पाहता येते.

प्रयोग
साहित्य : पांढऱ्या फुलांच्या तेरड्याचे एक रोप, काचेचा पेला, पाणी, लाल शाई.
कृती : रोप मुळासकट हळूच उपटून धुवून घ्या. पेल्यात पाणी घेऊन त्यात लाल शाई टाका. रोप त्यात उभे करा आणि उजेडात ठेवा.
निरीक्षण : काही वेळाने खोडात लाल रेघा वर चढलेल्या दिसतात. खोड आडवे कापले तर गोल रांगेत लाल ठिपके दिसतात.
अनुमान : खोडात बारीक नळ्या आहेत. त्यांतून पाणी मुळापासून पानाकडे जाते.
हा प्रयोग दुसऱ्या झाडाचाही होतो, पण तेरड्याचे खोड पारदर्शक असल्यामुळे यात लवकर दिसते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. भर दुपारी तेरड्याकडे पाहा. पाने लोंबतात, शेंडा वाकतो, सगळे झाड मान टाकते. कोणालाही वाटते, अरेरे, वाळलं! आणि लगेच बादली आणतात. पण थांबा. दुपारी पानांतून पाणी भराभर जाते, आणि मुळांना तेवढे पाणी तेवढ्या वेगाने वर पाठवता येत नाही. म्हणून झाड मान टाकते. तेव्हा माती ओली असली तरी असे होते. ऊन उतरले की झाड आपोआप ताठ उभे राहते. अशा वेळी रोज दुपारी पाणी ओतत राहिले तर माती सारखी चिखलासारखी राहते. मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. खोड बुडाशी काळे पडते आणि एक दिवस झाड आडवे होते. म्हणजे तेरडा पाण्यावाचून मरतो, तसा पाण्यानेही मरतो.

मग तहान ओळखायची कशी? आमच्या बाईंनी सोपी रीत सांगितली आहे. पानाकडे न बघता मातीत बोट घाला. बोटाची दोन पेरे आत जाऊ द्या. माती गार लागली आणि बोटाला चिकटली तर पाणी नको. माती कोरडी लागली, बोट तसेच स्वच्छ निघाले, तर पाणी हवे. दुसरी खूण सकाळची. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी झाड मलूल दिसले आणि माती कोरडी असली तर ते खरोखर तहानलेले आहे. सकाळी मलूल आहे, पण माती ओली आहे, तर मुळाला काही तरी झाले आहे. तिथे पाणी बंद करून साचलेले पाणी जायला वाट काढून द्यावी.

सगळीकडचा तेरडा सारखे पाणी पीत नाही. जागा बदलली की रीत बदलते.

१) काळ्या मातीतला तेरडा. काळी माती पाणी धरून ठेवते. वरून भेगा दिसल्या तरी आत ओल असते. म्हणून इथे पाणी कमी वेळा घालावे. रोपे वरंब्यावर लावावीत, म्हणजे जोराच्या पावसात मुळाशी पाणी तुंबत नाही.

२) मुरमाड जागेतला तेरडा. आमच्या शाळेच्या मागची जागा अशीच आहे. मुरमातून पाणी भरकन खाली जाते. एकदम खूप पाणी घातले तर ते वायाच जाते. इथे रोपाभोवती आळे करावे, आळ्यात शेणखत मिसळावे आणि वर पालापाचोळा पसरावा. पाल्याखाली ओल टिकते. मात्र पाला खोडाला चिकटवू नये, थोडी जागा मोकळी सोडावी.

३) डब्यातला किंवा कुंडीतला तेरडा. गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात तेरडा छान येतो. पण डब्यात माती थोडी असते आणि पत्रा उन्हाने तापतो. त्यामुळे ती लवकर सुकते. उघडीप असली तर डब्यातल्या तेरड्याला रोजसुद्धा पाणी लागते. बोट घालून रोज बघावे. डब्याच्या बुडाला खिळ्याने चार-पाच भोके पाडावीत आणि त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत. भोके नसतील तर पाणी खाली साठते आणि मुळे कुजतात. खालच्या भोकातून पाणी आले की घालणे थांबवावे.

४) झाडाखालचा तेरडा. सावलीत माती हळू सुकते, म्हणून पाणी कमी लागते असे वाटते. पण मोठ्या आंब्याखाली किंवा चिंचेखाली लहान पाऊस जमिनीपर्यंत पोचतच नाही आणि मोठ्या झाडाची मुळेही पाणी पितात. सगळीकडे चिखल असताना तिथली माती कोरडी असू शकते. तिथे बोट घातल्याशिवाय काही सांगता येत नाही.

५) पागोळीखालचा तेरडा. कौलांवरचे पाणी जिथे धारेने पडते तिथे रोप लावू नये. धारेने माती उडते, मुळे उघडी पडतात आणि खोड मोडते. लावायचेच तर पागोळीपासून एक-दोन हात दूर लावावे.

६) शहरातला तेरडा. माझे मामा पुण्याला राहतात. त्यांच्या गॅलरीत रोपवाटिकेतून आणलेली एक बुटकी जात आहे. तिची फुले चपटी असतात. ती जात मूळ पूर्व आफ्रिकेतली आहे. तिला कडक ऊन सोसत नाही, सावली आवडते. तिलाही ओल लागते, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू दिलेले चालत नाही. ताटलीतल्या पाण्यात डासही होतात.

आता वयाप्रमाणे पाणी. नुकत्याच उगवलेल्या रोपाला धार सोसत नाही. डब्याच्या तळाला बारीक भोके पाडून झारी करावी आणि शिंपडून पाणी घालावे. रोप वीतभर झाले की बुडाशी पाणी घालावे. कळ्या येऊ लागल्या की माती अगदी कोरडी पडू देऊ नये, नाहीतर कळ्या आणि फुले गळतात. पाणी नेहमी सकाळी घालणे चांगले. दिवसभर झाडाला पाणी मिळते. पाणी फुला-पानांवर न ओतता मातीवर ओतावे. पाने ओली राहिली तर त्यांवर रोग पडतात. पाऊस चालू असेल तर आपण काहीच घालायचे नाही, फक्त साचलेल्या पाण्याला वाट करून द्यायची.

यंदा श्रावणात पावसाने बारा दिवस दडी मारली. आमच्या वाफ्यात तेरड्याची ४० रोपे आहेत. हापशाला पाणी कमी येत होते आणि गावातल्या बायका तिथे रांगेत उभ्या असायच्या. काही मुले म्हणाली, फुलांना पाणी कशाला, माणसांना पुरत नाही. गुरुजी म्हणाले, "दोन्ही खरं आहे. हिशोब करून दाखवा, मग ठरवू." म्हणून आम्ही हिशोब केला, तो असा.

एका तांब्यात १ लिटर पाणी मावते असे धरले. कळशीत १० लिटर.
रोज दोन वेळा एक-एक तांब्या घातला तर : ४० × २ = ८० लिटर रोज. आठवड्याला ८० × ७ = ५६० लिटर, म्हणजे ५६ कळश्या.
दिवसाआड सकाळी एकच तांब्या घातला तर : आठवड्यात जास्तीत जास्त ४ वेळा. ४० × ४ = १६० लिटर, म्हणजे १६ कळश्या.
वाचले ४०० लिटर, म्हणजे ४० कळश्या.

आम्ही दुसरी रीत धरली. आळ्यांत पाला घातला. दुपारच्या जेवणासाठी तांदूळ धुतात ते पाणी मावशींकडून मागून घेतले, त्यामुळे हापशावरून आणखी कमी आणावे लागले. साबणाचे पाणी मात्र घातले नाही. पूर्वी कळश्या मुलीच आणायच्या. आता मुलांच्याही पाळ्या लावल्या आहेत. ज्याने एकदा कळशी उचलली तो पाणी सांडत नाही, हे मला कळले. बाराव्या दिवसापर्यंत दुपारी सगळी रोपे मान टाकत होती आणि रोज सकाळी ताठ उभी राहत होती. दोन रोपे गेली, अडतीस जगली. मग पाऊस आला.

ही रोपे जगवायला एक कारण होते. भाद्रपदात गौरी येतात. आमच्याकडे तेरड्याची रोपे मुळासकट आणून गौर म्हणून पुजतात. तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले असे मानतात. अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर तिची पूजा होते आणि मूळ नक्षत्रावर तिला निरोप देतात. म्हणजे गौरसुद्धा तीनच दिवस राहते. यंदा दडीमुळे बांधावरचा तेरडा पुष्कळ वाळला, म्हणून शेजारच्या काकू शाळेत विचारायला आल्या. वाफ्यातली रोपे आम्ही त्यांना दिली. रोपे उपटायच्या आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावे, म्हणजे माती मऊ होऊन मुळे तुटत नाहीत. घरी आणल्यावर मुळे पाण्यात ठेवली तर रोप टवटवीत राहते.

सगळी रोपे मात्र उपटू नयेत. दहा-बारा बियांसाठी ठेवावीत. तेरड्याची बोंडे पिकली की नुसत्या बोटाने फट्‌कन फुटतात, पाकळ्या आत वळतात आणि बिया लांब उडतात. त्यामुळे तेरड्याच्या जातींना शास्त्रीय भाषेत 'इम्पेशन्स' असे नाव आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ उतावळा. म्हणून बोंड फुगले की मुठीत धरूनच काढावे. बिया सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. बियांना आता पाणी नको, ओल लागली तर बुरशी येते.

आपल्या सातारा जिल्ह्यात कासचे पठार आहे. तिथे जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे छोट्या रानतेरड्याने सगळे पठार गुलाबी होते. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कास आहे. तिथल्या तेरड्याला कोणीही पाणी घालत नाही. पाऊस आणि धुके त्याला पुरते. पाऊस संपला की तो बी टाकून वाळतो, आणि बी पुढच्या पावसाची वाट पाहते. तो आपण फक्त पाहावा, उपटू नये. आपल्याला हवा तो तेरडा आपण आपल्या परसात लावावा.

तर मित्रांनो, लक्षात ठेवा :
पान बघून पाणी घालू नका, माती बघून घाला.
सकाळी घाला, बुडाशी घाला.
डब्याला भोके पाडा, आळ्याला पाला घाला.
पाणी साचू देऊ नका आणि सांडू देऊ नका.

ज्यांना तेरड्याचे बी हवे असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात यावे. एका मुलाला एक पुडी मिळेल.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक ११