कात्रणवहीनंतर : सीमाभागातील मुक्त पत्रकार

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यात ज्यांनी वर्षानुवर्षे बातमीदारी केली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर एक जाड वही असते. खळीने चिकटवलेली कात्रणे, वर निळ्या शाईत तारीख, शेजारी कंसात कॉलमची उंची. ही वही हौसेपेक्षा हिशेबाची. बाहेरून मजकूर पाठवणाऱ्याचे मानधन बहुधा कॉलम सेंटिमीटरवर ठरे, आणि महिनाअखेरीस कात्रणे मोजून बिल जाई. रक्कम फारशी नसायची. घर शेतीवर, शिक्षकीवर नाहीतर दुकानावर चाले; लेखणीतून बसभाडे सुटे आणि गावात मान मिळे.

बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. अनेक वर्षे इथल्या मराठी माणसाची सकाळ छापील दैनिकाने सुरू होत आली आहे. आता तीच बातमी आधी मोबाइलवर येते, आणि मोबाइलवरच्या बातमीला उंची नसते. त्यामुळे मानधनाचे जुने माप गेले. कुठे लेखामागे ठरावीक रक्कम मिळते, कुठे शब्दांवर, कुठे किती जणांनी वाचले यावर. अनेक ठिकाणी तर ‘नाव होते की तुमचे’ एवढ्यावरच बोळवण होते. (नावावर किराणा मिळत नाही, हे सांगण्याचा संकोच आपल्या पिढीला फार.)

दुसरी अडचण मागणीची. मुंबई-पुण्याच्या पोर्टलना बेळगाव आठवते ते १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, किंवा सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरते तेव्हा. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबऱ्याची साहित्य संमेलने, खानापूरच्या जंगलपट्टीतील शाळा, भाताचे पीक यांना तिथे गिऱ्हाईक नाही. मुक्त पत्रकाराने हे विषय सोडले, तर ते मराठीत लिहिले जाण्याची शक्यता फार थोडी उरते.

यातून काहींनी काढलेली वाट समजून घेण्यासारखी आहे. कणकुंबीचे उदाहरण घ्या. तिथल्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांचा वाद आहे. म्हादई पाणीतंटा लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. गोव्याच्या वाचकाला म्हादईच्या प्रवाहाची काळजी, हुबळी-धारवाडच्या वाचकाला पिण्याच्या पाण्याची, आणि खानापूरकराला स्वतःच्या जमिनीची व झऱ्यांची. गावात एकदाच जाऊन, नीट टिपणे काढून, तीन ठिकाणी तीन वेगळे लेख देता येतात. इथला पत्रकार मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतो; तहसील कार्यालयाचा कन्नड आदेश मराठी वाचकाला उलगडून सांगणे त्याला जमते. हे भांडवल मुंबईच्या पत्रकाराकडे नाही.

पण एकच माहिती अनेक ठिकाणी वापरायची, तर हक्क कोणाचा हे ठाऊक हवे. इथे बहुतेक जण गाफील असतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार लेखाचा पहिला मालक लेखकच. वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्याने लिहिलेल्या मजकुराला अपवाद आहे. मुक्त पत्रकार नोकरीत नसतो, म्हणून तो अपवाद त्याला लागू होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून करारावर सही करण्याआधी ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे’ असे वाक्य आहे का, ते शोधावे. असल्यास ‘एकदाच प्रसिद्धीसाठी’ अशी दुरुस्ती सुचवावी. नकार आला तरी निदान आपण काय देऊन बसलो, हे कळते.

आता फॉन्टचे दुखणे. आपले वीस-पंचवीस वर्षांचे लेखन श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि गुगलला तर त्यातले काहीच कळत नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रफार दुसऱ्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी सरकते, ‘ऱ्या’ तुटतो. मी माझ्या एका जुन्या लेखमालेचे रूपांतर केले, तेव्हा ‘सूर्य’ हा शब्द चार वेगवेगळ्या प्रकारे चुकलेला निघाला. प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावीच लागते. नवे लेखन मात्र पहिल्यापासून युनिकोडमध्येच करावे. इनस्क्रिप्ट कळफलक महिनाभरात बोटांत बसतो. ज्यांना ते नको, ते मोबाइलवर बोलून टंकन करतात आणि मग ‘खानापूर’चे ‘खाना पूर’ झालेले दुरुस्त करतात.

व्हिडिओकडे पुष्कळ जण वळले आहेत. यूट्यूबच्या जाहिरातीतून वाटा मिळवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण. ते झाले तरी एका तालुक्याच्या बातम्यांवर घर चालत नाही. म्हणून भाषांतर, स्मरणिकांचे संपादन, लग्नपत्रिकांचे मुद्रितशोधनसुद्धा जोडीला असते. यात कमीपणा मानू नये. ओळखपत्राचा प्रश्न वेगळाच: केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिस्वीकृती नियमांत मुक्त पत्रकाराकडून पंधरा वर्षांचा अनुभव मागितला आहे, आणि तो दाखवायचा तर प्रसिद्ध झालेले काम हाताशी हवे.

छापील कात्रण वहीत राहते. वेबसाइट मात्र एखादे दिवशी नव्याने बांधली जाते आणि जुने लेख गायब होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच लेख लेखकाचे नाव कापून फिरतच राहतो. म्हणून लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी पानाची पीडीएफ काढून ठेवावी, लिंक इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करावी, आणि मूळ मजकूर दोन ठिकाणी साठवावा. सोबत एक साधी यादी ठेवावी: तारीख, शीर्षक, लिंक, कोणते हक्क दिले. जुन्या वहीत कंसात कॉलमची उंची लिहिलेली असे. या यादीत त्या रकान्यात मानधन जमा झाले की नाही, ते लिहावे.