हिरोगावाचा बांध

जपानमधील होन्शू या मोठ्या बेटाच्या दक्षिण भागात वाकायामा नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर हिरोगावा हे छोटेसे गाव वसले आहे. गावाची वस्ती सात हजारांच्या आसपास. डोंगरउतारांवर संत्र्यांच्या बागा आणि समुद्रात कोळ्यांच्या होड्या, असे तेथील दृश्य असते. हे शांत गाव पाहून कोणाला वाटणारही नाही, की समुद्राने त्याच्यावर अनेकदा घाला घातला आहे. समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला, की प्रचंड लाटा किनाऱ्यावर चालून येतात. त्यांना जपानी भाषेत ‘त्सुनामी’, म्हणजे ‘बंदरातील लाट’, असे म्हणतात.

त्या काळी या गावाचे नाव हिरो असे होते. २४ डिसेंबर १८५४ रोजी सायंकाळी तेथील भूमी हादरली आणि पाठोपाठ समुद्र गावात शिरला. अंधार पडला, जीव घेऊन धावणाऱ्यांना वाट दिसेना. तेव्हा हामागुची गोर्यो या गृहस्थाने शेतातील भाताच्या पेंढ्याच्या गंजींना आग लावली. त्या उजेडाच्या खुणेने कित्येक लोक उंचावरील देवळापर्यंत पोहोचले आणि वाचले.

ही आग पुढे सर्व जपानभर प्रसिद्ध झाली. १९३७ पासून काही वर्षे तिची गोष्ट तेथील शालेय पाठ्यपुस्तकांतही होती. परंतु गोर्योचे खरे मोठे कार्य त्या रात्रीनंतर सुरू झाले. शंभराहून अधिक घरे वाहून गेली होती, होड्या फुटल्या होत्या आणि हताश झालेले लोक गाव सोडून जाण्याच्या विचारात होते. गोर्योच्या घराण्याचा सोयाबीनच्या सॉसचा मोठा व्यवसाय होता. त्याने स्वतःचे धन खर्चून घरे बांधून दिली, शेतीची अवजारे आणि होड्या पुरवल्या आणि समुद्रकाठी मातीचा बांध घालण्यास आरंभ केला. गावातील स्त्री-पुरुषांना या कामावर रोजची मजुरी मिळू लागली. अशा रीतीने एकाच कामातून आजची भाकरी आणि उद्याचे रक्षण, दोन्ही साधले.

सुमारे चार वर्षांनी, १८५८ मध्ये, बांध पूर्ण झाला. त्याची लांबी सुमारे ६०० मीटर, उंची ५ मीटर आणि पायथ्याची रुंदी २० मीटर आहे. समुद्राच्या बाजूस पाइन वृक्षांची रांग लावण्यात आली. गोर्यो १८८५ मध्ये वारला. त्यानंतर एकसष्ट वर्षांनी, २१ डिसेंबर १९४६ रोजी, पुन्हा त्सुनामी आली. बांधाबाहेरील भागाची हानी झाली. परंतु बांधामागची बहुतेक वस्ती सुरक्षित राहिली. ज्यांच्यासाठी गोर्योने माती टाकली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

गाव हे उपकार विसरले नाही. १९०३ पासून तेथे ‘त्सुनामी उत्सव’ साजरा होतो. जुन्या पंचांगाप्रमाणे १८५४ ची ती आपत्ती अकराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी आली होती. त्यावरूनच संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा ‘जागतिक त्सुनामी जागरूकता दिन’ ठरविला.

उत्सवात शाळेतील मुले बांधावर माती वाहून नेतात. पावसाने झिजलेल्या बांधावर ती ओंजळभर माती फारशी भर घालीत नसेल. परंतु बांध कोणी बांधला आणि तो कोणी राखायचा, हे त्या मुलांना कायमचे कळते.