माईक खोटं बोलत नाही!

दोस्तांनो, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून कधी ऐकलाय? "शी! हा माझा आवाज?" असंच वाटतं ना? बोलताना आपला आवाज कानांवर पडतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही आत पोहोचतो. म्हणून तो आपल्याला भारदस्त वाटतो. माईकला तो फक्त हवेतून मिळतो!

माझ्या भाचीचं लाडकं गाणं म्हणजे लकी अलीचं १९९६ मधलं 'ओ सनम'. दोन वर्षांपूर्वी तिनं ते आईच्या मोबाईलवर गाऊन ठेवलं होतं. यंदा वाढदिवसाला तिला कंडेन्सर माईक मिळाला. "मामा, आता बघच!" म्हणत तिनं गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. ऐकलं मात्र, आणि चेहरा एवढासा झाला. पंख्याची घरघर, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, शिवाय दुसऱ्या कडव्यात घसरलेला सूर. सगळं लख्ख ऐकू येत होतं!

"मला गाताच येत नाही," म्हणत तिनं माईक खोक्यात भरला.

माईकचं काय चुकलं? त्याच्यात अगदी पातळ पडदा असतो. हवा जराशी हलली तरी तो थरथरतो. 'गाणं तेवढं ऐक, पंखा ऐकू नकोस' असं त्याला सांगता येत नाही. मोकळ्या भिंतींवर आपटून परतणारा आवाजही तो टिपतो.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या लेस पॉल आणि मेरी फोर्ड या जोडीनं 'हाऊ हाय द मून' हे १९४० मधलं गाणं घरीच टेपरेकॉर्डरवर नव्यानं रेकॉर्ड केलं. एका आवाजावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थर चढवत! नवा थर चढला की जुनी टेप पुसली जाई. शेवटी चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९५१ मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

माईक पुन्हा बाहेर आला. पंखा बंद केला. भाचीच्या पाठीमागे आजीची गोधडी टांगली. माईक तोंडापासून वीतभर दूर आणि जरा तिरका ठेवला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना सुटणारी फुंकर थेट त्यावर आदळत नाही. साथीचं संगीत हेडफोनमध्ये, म्हणजे माईकमध्ये फक्त गळा. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे आठ दिवस दुसऱ्या कडव्याचा रियाज!

रविवारी दुपारी, घामाघूम होऊन, नवव्या प्रयत्नाला गाणं जमलं. सूर जागेवर होता.

आईबाबांनो, महागडं सामान घेण्याआधी घरातली गोधडी काढा. आणि दोस्तांनो, जुनं रेकॉर्डिंग पुसू नका हं! दोन्ही एकापाठोपाठ ऐका. आपण किती पुढे आलो, ते तुमचं तुम्हालाच कळेल.