बाइक खाली घेतली की स्थिर होते?

पाय जमिनीला टेकावेत म्हणून टूरिंग बाइकचं सस्पेन्शन खाली घेतात. गरज खरी आहे. उभी गाडी सांभाळणं त्याने सोपं होतं. पण धावती गाडीही अधिक स्थिर होते, हा समज चुकीचा. तळहातावर पेन्सिलीपेक्षा लांब झाडू तोलणं सोपं जातं. म्हणजे कमी उंचीने तोल सुधारतोच असं नाही.

फक्त मागची बाजू उतरवली तर पुढचा फोर्क जास्त तिरपा होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो आणि गाडी वळायला संथ होते. हिमालयन ४११च्या मागच्या चाकाला १८० मिलिमीटर खेळ असतो. आखूड शॉकअप बसवला की तो सहसा घटतो, खड्ड्यात दणका थेट कमरेला बसतो, वळणावर फूटपेग लवकर घासतो. साइड स्टँडही आखूड करावा लागतो, नाहीतर गाडी कलंडू शकते. त्यापेक्षा आधी सीटचा फोम कापून पाहावा.