घरच्या घरी संगीत वर्ग : हातच्या कलेला बारमाही रोजी

लग्नसराईत बँडवाल्यांना उसंत नसते. पावसाळा लागला की वाद्ये पेटीत पडून राहतात आणि घरखर्चासाठी उसनवारी सुरू होते. खानदेशात या धंद्यात आपले बरेच बांधव आहेत. फैजपूर परिसरातील अशा होतकरू कलावंतांनी घरीच संगीताचे वर्ग सुरू करावेत, असे आम्ही सुचवितो.

गाण्याबजावण्याबाबत आपल्यात दीनी मतभेद आहेत. तो वाद आम्ही येथे काढत नाही. ज्या घरात ही कला पिढीजात आहे, त्या घराच्या रोजीपुरतेच आम्ही बोलतो.

उस्तादाने शिकवणी घ्यावी, यात कमीपणा नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले होते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. पुढे मुंबईत कर्ज काढून इमारत बांधली, ती कर्जापायी लिलावात गेली. म्हणून पहिली दोन वर्षे घरचीच खोली पुरे. इमारतीचा मोह नको.

भांडवल म्हणजे एक चांगली हार्मोनियम, तबल्याची जोडी व सतरंजी. खरी अडचण फीची असते. ओळखीपाळखीत आपण पैसे मागायला लाजतो. फी आगाऊ ठरवावी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी व पावती द्यावी. समजा, दहा विद्यार्थी प्रत्येकी ५०० रुपये देत असतील, तर महिना ५,००० रुपये घरात येतात, तेही बिनहंगामात.

पालकांना प्रमाणपत्र हवे असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा आहेत. जवळचे केंद्र शोधून मुले बसवावीत. शिक्षकाने स्वतःही विशारद व्हावे. नुसत्या हाताला गिऱ्हाईक भाव पाडून मागते, कागद जोडला की तसे होत नाही.

‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन व मोफत होते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. वर्गाच्या वेळा नमाज व शेजाऱ्यांची झोप सांभाळून ठेवाव्यात. मुलींचा वर्ग घरातील जाणत्या स्त्रीने घेतल्यास पालक निर्धास्त राहतात.

वाडवडिलांनी दिलेला हुन्नर चार महिने पेटीत कुलूपबंद ठेवू नये. मेहनत करणाऱ्याच्या रोजीत अल्लाह बरकत देवो.