दगड कोणाचा, धूळ कोणाची?

मीरा-भाईंदरच्या बेव्हर्ली पार्कात मी राहतो. येथील प्रत्येक इमारतीत खडी आहे, आणि त्या खडीमागे दगडखाणीतला माणूस आहे. त्याच्या दारिद्र्याचा विषय निघाला की ‘पैसा कोठून आणायचा?’ असे विचारले जाते. माझे म्हणणे असे की, पैशाची सोय कायद्याने केलेली आहे. पण त्यावर हक्क कोणाचा हे ठरतानाच हा माणूस गळतो.

खनिज कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. प्रमुख खनिजांच्या खाणधारकाने स्वामित्वधनाखेरीज त्याच्या 10 टक्के, जुन्या पट्ट्यांवर 30 टक्के रक्कम येथे भरायची. दगड-वाळूसारख्या गौण खनिजांचा वाटा राज्याने ठरवायचा. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या कामांना किमान 60 टक्के रक्कम, असे त्या वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांत होते.

मग अडले कोठे? ‘बाधित’ या शब्दात. ज्याची जमीन गेली, जो विस्थापित झाला, ज्याची जमिनीवर वहिवाट होती तो बाधित. त्याचा हक्क न्याय्यच आहे. पण दगड फोडणाऱ्या वडाराला जमीन कधी होती? महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत. मुकादमाची उचल घेऊन तो पोटामागे खाणीवर येतो. ग्रामसभेच्या यादीत त्याचे नाव नाही. दगड ब्रासने मोजतात, मजुरीही ब्रासवर ठरते. छातीत साठणारी धूळ कोणी मोजत नाही. सिलिकोसिस झाला तर भरपाईसाठी नोकरीचा पुरावा हवा, आणि नेमणुकीचा कागद त्याला कोणी दिलेलाच नसतो.

येथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादकडील कोळसा खाणीत स्वतः उतरले. जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून त्यातून कामगारांची घरे आणि आरोग्य पाहायचे, ही त्यामागची दृष्टी. म्हणजे तेथे हक्काचा पाया श्रम होता. 2015 च्या व्यवस्थेत तो पाया मुख्यतः जमीन झाला. ज्या समाजाला जमिनीपासूनच दूर ठेवले गेले, त्याला जमिनीच्या मापाने न्याय कसा मिळणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी मागाव्यात: खाणीवर प्रत्यक्ष राबणाऱ्याची बाधितांत नोंद, प्रत्येकाला कामाचा लेखी पुरावा, आणि नियमित छातीतपासणी. शिक्षकांनी खाणीवरील मुलांची पटनोंदणी हाती घ्यावी. ही दया नव्हे, श्रमाच्या हक्काची वसुली आहे.