मालकी रानाचा जाणकार

कोकणात वडिलोपार्जित मालकी रान असलेले, पण स्वतः मुंबई-पुण्यास स्थायिक झालेले खातेदार पुष्कळ आहेत. आणि वर्षानुवर्षे घरच्या माणसाचे पाऊल न पडलेल्या त्या रानाची निगा कोणाकडे सोपवावी असा प्रश्न पडला म्हणजे त्यांना प्रथम आठवते ते वनखाते. वस्तुतः वनपाल व वनक्षेत्रपाल हे सरकारी वनांचे रक्षक होत. खाजगी रानाशी त्यांचा संबंध येतो तो मुख्यतः 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखालील परवानगीपुरता व लाकडाच्या वाहतुकीपुरता. साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी त्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. लाकूड विकत घेणारा ठेकेदार म्हणजे रानाचा जाणकार, असे मानले जाते. परंतु त्याची नजर जाते ती सरळ, जाड, निर्दोष खोडांवर, आणि ती निघून गेल्यावर जी वाकडी, पोकळ झाडे उरतात त्यांचेच बी पुढे रानात पडत राहते. वनशास्त्राचा पदवीधर नेमके उलट पाहतो: काय राखावयाचे ते तो आधी ठरवतो. सरपणासाठी कधीकाळी तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यातून पाच-सहा फुटवे एकदम वर आलेले असतात. त्यांतला एखादा जोमदार राखून बाकीचे तो काढवतो, पण तेही टप्प्याटप्प्याने, कारण सारे एकदम उघडे केले तर जमिनीवर ऊन पडून रानमोडी माजते आणि उन्हाळ्यात तीच वणव्याला इंधन होते.

रान मोकळे सोडले की आपोआप सुधारते, हे अर्धसत्य आहे. माती शाबूत असेल, वणवा व गुरे अडवली असतील, तर ते खरे. आणि प्रामाणिक जाणकार काही भागास हात लावू नका असेच सांगेल.

असा माणूस शोधावा कोठे? वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत मिळते. चौकशीचा आरंभ तेथून करावा. कृषी पदवीधर आंब्याच्या बागेत कितीही निष्णात असला तरी रान हा निराळा विषय आहे. वकिलाप्रमाणे सनद तपासण्याची सोय येथे नसल्यामुळे पारख कामावरूनच करावी लागते. चांगला माणूस रानात शिरण्यापूर्वी सातबारा मागतो, कारण 1975 च्या कायद्याने कित्येक खाजगी वने सरकारजमा झाली असून ‘इतर हक्का’तील त्या नोंदीची मालकालाच वार्ता नसते. मग तो ठिकठिकाणी नमुन्याचे तुकडे आखून 1.37 मीटर उंचीवर खोडांचा घेर मोजतो आणि पुढील काही वर्षांचा आराखडा लेखी देतो. मेहनताना मात्र दिवसांच्या हिशेबाने ठरवावा; लाकडाच्या किमतीतील हिस्सा मागणाऱ्यास रानाच्या वेशीवरूनच परत धाडावे.